पहिली वेलांटी

मी साधा बी.ए. झालेला माणूस. धाकटी लेक एम.सी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वेब-तंत्रज्ञान हा तिचा विषय. तिच्या अभ्यासातले शब्द कानांवर पडत, पण आत शिरत नसत. मग एक दिवस मलाच तिच्या विद्येची गरज पडली.

माझी अम्मी २००४ साली गेली. तिच्यावर मी चाळीस कविता लिहिल्या, एका डी.टी.पी.वाल्याकडून टंकून घेतल्या. संग्रह काही निघाला नाही. २०१९च्या महापुरात सांगलीच्या घरातली वही गेली. उरली एक सीडी. ती उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता पाचोळा!

लेक म्हणाली, "अब्बा, कविता आहेत. जुन्या फॉण्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असत. तो फॉण्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं."

युनिकोडमध्ये तसे नाही. तिथे आपल्या 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५. सांगली असो की शिकागो, तो 'क'च राहतो. आज वेबवर मराठी सर्वत्र वाचता येते ती यामुळेच.

तिने प्रकल्प म्हणून हेच रूपांतर हाती घेतले. छळले ते पहिल्या वेलांटीने. जुन्या फॉण्टमध्ये ती दिसते तशी, अक्षराच्या आधी असते. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर. रफाराचे नेमके उलटे. पहिल्या खेपेला माझ्या 'कविता'ची 'किवता' झाली! आम्ही दोघे पोट धरून हसलो. मग रोज रात्री ती प्रोग्रॅम सुधारायची, मी शेजारी बसून ओळी वाचायचो. अम्मीच्या बोलीतले शब्द लेकीला ठाऊक नव्हते. आजीला तिने पाहिलेच नव्हते. ती तिला त्या रात्रींत भेटली.

अर्पणपत्रिकेत अम्मीचे नाव उर्दूत हवे होते. उर्दू उजवीकडून डावीकडे, मराठी डावीकडून उजवीकडे. लेकीने पानाला दोन्ही दिशा नेमून दिल्या आणि एकाच ओळीत दोन्ही लिप्या नीट बसल्या.

सदतीस कविता परत आल्या. तीन सीडीच्या ओरखड्यांत गेल्या. त्यांतल्या दोन मी आठवून पुन्हा लिहिल्या. तिसरी अजून आठवत नाही.

तुमच्याही कपाटात अशी एखादी सीडी असेल. जुन्या फायली वाचणारे कुणीतरी आहे, तोवर ती बाहेर काढा.