खण आणि त्याची सरळ वाट

श्रोतेहो, आजचा विषय ऐकून तुमच्यापैकीं कित्येकांना हसूं येईल. टेबलाचा किंवा कपाटाचा खण, आणि तो ज्यावर सरकतो ती पट्टी, म्हणजे आपले सुतार जिला चॅनेल म्हणतात ती, हा कांहीं व्याख्यानाचा विषय नव्हे, असें तुम्ही म्हणाल. एके काळीं मीही तसेंच म्हटलें असतें.

मी एका शाळेचा मुख्याध्यापक असतांना दप्तरासाठीं नवें कपाट करावयाचें ठरलें. सुतारानें विचारलें, "गुरुजी, खणांत काय ठेवणार?" मीं सांगितलें, "कागद." कागद म्हणजे हलका जिन्नस, अशी माझी समजूत! दुकानांतल्या सर्वांत स्वस्त चॅनेलच्या जोड्या आणविल्या आणि पावतीवर मींच सही केली. दुसऱ्या वर्षीं आमच्या शिपाईमामांनीं एक खण ओढला, तोंच चॅनेलचा अडसर तुटला आणि भरलेला खण त्यांच्या पावलावर आदळला. हाड मोडलें. मागाहून मीं त्या खणांतला माल तराजूंत घालून पाहिला. तो ५२ किलो भरला. चॅनेलच्या वेष्टनावर ३५ किलो असें स्पष्ट छापलेलें होतें. "प्रश्न नीट वाचा" असें मुलांना सांगण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्यानें चार शब्दांचें वेष्टन वाचलें नव्हतें.

निवृत्तीनंतर मी पुतण्याच्या फर्निचरच्या कारखान्यांत हिशेब पाहूं लागलों, आणि तेथें हा विषय नव्यानें शिकलों. त्याचें सार चार प्रश्नांत सांगतां येईल.

पहिला प्रश्न, ओझें किती? तें डोळ्यांनीं अजमावूं नये, मोजावें. नेहमींच्या ए-फोर आकाराच्या ८० ग्रॅमी कागदाचें ५०० तावांचें एक रीम अडीच किलो भरतें; वीस रिमें म्हणजे ५० किलो झाले. कपडे किंवा चमचे-वाट्या ठेवावयाच्या असतील, तर नायलॉनच्या चाकांचें साधें चॅनेल पुरतें. मात्र त्यावर खण बहुधा तीन चतुर्थांशच बाहेर येतो. पुस्तकें, दप्तर, स्वयंपाकघरांतलीं जड भांडीं यांसाठीं पोलादी छऱ्यांचें, एकांत एक सरकणारें चॅनेल घ्यावें. सुमारें ४५ मिलिमीटर उंचीची अशी जोडी सामान्यतः ३५ ते ४५ किलो पेलते, आणि खण संपूर्ण बाहेर येतो. तिच्यासाठीं खणाच्या दोन्ही अंगांस अर्धा अर्धा इंच जागा सोडावी लागते. म्हणून खण खांचेपेक्षां एक इंच अरुंद करावा. हें माप चुकलें कीं उत्तम चॅनेलही रडत चालतें. अवजारांच्या पेटीसाठीं याहून जड, कुलूपबंद होणारीं चॅनेलें मिळतात. आणखी एक इशारा. उभें बसविण्याचें चॅनेल आडवें बसविलें, तर तें छापील वजनाच्या मानानें फारच थोडें पेलतें.

दुसरा प्रश्न, ओझें टांगलें कोठें आहे? १८ इंची खण तीन चतुर्थांश उघडला, तर त्याचा मध्य कपाटाच्या तोंडापासून साडेचार इंच पुढें येतो. पूर्ण उघडला तर नऊ इंच. वजन तेंच, पण पट्टीवरचा पीळ दुप्पट! आणि असे तीन-चार भरलेले खण एकदम उघडले तर सबंध कपाटच पुढें कोसळूं शकतें. म्हणून दप्तराच्या कपाटाला एका वेळीं एकच खण उघडूं देणारी कळ असावी, आणि कपाट भिंतीस जखडलेलें असावें.

रुंद पण उथळ खण एका कोपऱ्याला धरून ओढला कीं तिरपा होऊन अडतो, हा अनुभव सर्वांस आहे. पावसाळ्यांत लांकूड फुगल्यानें तो अधिकच येतो. त्याचें गणित सोपें आहे. घसरणाऱ्या जोडाचा घर्षणगुणक ०.२५ धरला, तर जोडापासून ओढण्याच्या जागेचें अंतर जोडाच्या लांबीच्या दुपटीहून अधिक होतांच तो जोड अडतो. मग कितीही जोर करा, जोराबरोबर अडकणेंही वाढतें. लांकडी पट्टीला मेण चोळावें असें जुने सुतार सांगत, तें घर्षण कमी करून ही मर्यादा पुढें ढकलण्यासाठींच.

तिसरा प्रश्न, किती वेळां आणि किती अचूक हालावयाचें? घरचा खण दिवसांतून दहा-वीस वेळां उघडतो, आणि केसभर हालला तरी कोणाचें बिघडत नाहीं. परंतु लांकडावर नक्षी कोरणारें यंत्र दिवसभर धांवतें. तेथें केसभर चूकही दिसते. पुतण्यानें आरंभीं पैसा वांचविण्यासाठीं अशा यंत्राला खणाचें चॅनेल लावून पाहिलें; नक्षीच्या वर्तुळांचीं अंडीं झालीं! तेथें एलएम गाइडच हवें. एका जपानी कंपनीनें १९७२ सालीं बाजारांत आणलेल्या या साधनांत घांसून सरळ केलेला पोलादी रूळ असतो आणि त्यावर ठोकळा धांवतो; ठोकळ्यांतले छर्रे पुढून मागें असे सतत फिरत राहतात. याचें आयुष्य ओझ्याच्या घनाच्या व्यस्त प्रमाणांत असतें. ओझें दुप्पट केलें तर आयुष्य निम्मे नव्हे, एक अष्टमांश होतें. निम्मे केलें तर आठपट. थोडा मोठा रूळ घेणें हा उधळेपणा नव्हे, हें या एका त्रैराशिकानें पटावें.

चौथा प्रश्न, भोंवतालीं धूळ किती? एलएम गाइडला सपाट, भक्कम बैठक, वेळचे वेळीं ग्रीस आणि धुळीपासून आच्छादन लागतें. जेथें भुसा व माती टाळतां येत नाहीं आणि फारशी अचूकता नको, तेथें चाकांची गाडी किंवा प्लास्टिकचा साधा घसरता जोड अधिक टिकतो. महाग तेंच योग्य, असें येथें नाहीं.

शिपाईमामा आज हयात आहेत. पाऊस लागला कीं तें पाऊल ठणकतें, असें ते हंसत सांगतात. मला मात्र हंसतां येत नाहीं. हल्लीं कोणी गिऱ्हाईक कारखान्यांत येऊन "खणांत कागदच ठेवावयाचे आहेत" असें म्हणालें, कीं मी हिशेबाची वही मिटतों आणि विचारतों, "होय, पण किती किलो?" श्रोतेहो, आपल्या सुतारानें हा प्रश्न विचारला नाहीं, तर तो आपणच आपल्याला विचारावा, एवढीच माझी विनंती आहे.