नावांच्या सर्व्हरची रोजकीर्द
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



संगणक कक्षाविषयी दोन शब्द बोलावेत, अशी चिटणीस साहेबांची आज्ञा झाली. संगणकाच्या फायद्यांवर दरवर्षी कोणीतरी बोलतेच, म्हणून मी आज एकच लहान गोष्ट घेतली आहे. कक्षातील सर्व्हर आपली रोजकीर्द, म्हणजे लॉग, नीट लिहीत नसेल तर दोष कसा शोधावा? विषय रुक्ष वाटेल. परंतु गेल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या दिवसांत जे पालक दीड तास बाकावर बसून राहिले, त्यांना तो रुक्ष वाटणार नाही.

आधी हा सर्व्हर करतो काय ते पाहू. संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, माणसे नावांनी. नाव सांगितले की आकडा शोधून देणे, एवढेच त्याचे काम. पूर्वी अमेरिकेतील अर्पानेटवर सर्व संगणकांची नावे एकाच यादीत असत आणि ती यादी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ठेवली जाई. जाळे वाढले, यादी आवरेना. तेव्हा 1983 साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावांचा कारभार वाटून देणारी आजची पद्धत मांडली. पुढच्याच वर्षी बर्कलीच्या विद्यापीठात चार विद्यार्थ्यांनी त्यासाठी बाइंड नावाचा प्रोग्राम लिहायला घेतला. मित्रांनो, विद्यार्थ्यांनी, हे ध्यानात घ्या. आपल्या कक्षातही उबुंटूवर त्याच बाइंडची आजची आवृत्ती चालते. ती फुकट मिळते, हेही खजिनदार साहेबांच्या माहितीसाठी सांगतो.

आता त्या दिवसाची हकीकत. मी वर्गावर होतो. मला बोलावणे आले तोवर मंडळींनी लाइनवाल्याला तीन फोन केले होते. लाइन ठीक होती. आकड्याचा पत्ता घातला की पलीकडून उत्तर येई, नाव घातले की काही नाही. म्हणजे रस्ता मोकळा, पण पत्ता सांगणारा जागेवर नाही. पाहतो तो बाइंड बंदच पडलेले. आदल्या दिवशी सर्व्हरची देखभाल करणाऱ्या मंडळींनी रोजकीर्द सुरू करण्यासाठी सेटिंगच्या फाइलमध्ये आठ-दहा ओळी घातल्या आणि आपल्या गावी निघून गेले. सकाळी सर्व्हर पुन्हा सुरू केला, तो उठलाच नाही. त्या ओळी बाजूला काढल्या आणि काम चालू झाले. अर्ज भरले गेले. दोष मात्र संध्याकाळी निवांत शोधला, आणि तो शोधण्यात अकरावीच्या एका विद्यार्थिनीचा वाटा माझ्याहून मोठा होता.

तिचा पहिला प्रश्न मार्मिक होता. "सर, ज्याची वहीच उघडत नाही, तो आपली तक्रार कुठे लिहील?" उत्तर असे आहे की बाइंड आपली सेटिंगची फाइल पूर्ण वाचून होईपर्यंत स्वतःच्या वहीत लिहीतच नाही. तोपर्यंतचे सगळे सिस्टिमच्या सामाईक लॉगमध्ये जाते. पुष्कळ लोक नवी फाइल रिकामी पाहून हताश होतात, आणि खरे कारण शेजारच्या वहीत लिहिलेले असते. तिथे स्पष्ट ओळ होती: अमुक फाइल उघडण्यास परवानगी नाही, म्हणून बंद होत आहे.

परवानगी का नाही? लॉगचा फोल्डर मुख्य अधिकाऱ्याच्या, म्हणजे रूटच्या, नावावर तयार केलेला होता. बाइंड चालते ते बाइंड नावाच्या साध्या वापरकर्त्याच्या हुकमतीत. दुकान मालकाचे, किल्ली मालकाच्या खिशात, आणि मुनीम बाहेर उभा. फोल्डर बाइंडच्या नावावर केला. तरी नकार तोच!

इथे बहुतेक लोक चिडून सगळ्यांना सगळे अधिकार देऊन टाकतात. तसे करू नये, आणि त्याचा उपयोगही होत नाही. उबुंटूत अ‍ॅपआर्मर नावाचा आणखी एक पहारेकरी असतो. कोणत्या प्रोग्रामने कुठे लिहावे याची यादी त्याच्याजवळ असते आणि फाइलच्या मालकीशी त्याला कर्तव्य नसते. कर्नलच्या लॉगमध्ये त्याने अडवल्याची नोंद सापडली. बाइंडसाठी त्याच्या यादीत व्हार, त्यात लॉग, त्यात नेम्ड हा फोल्डर मंजूर आहे. आमचा फोल्डर भलत्याच नावाचा होता. पहारेकऱ्याला रजा देण्यापेक्षा वही मंजूर जागी ठेवली. फेडोरावर हेच काम एसईलिनक्स करतो.

सर्व्हर उठला, फाइल तयार झाली, पण तीत अक्षर नाही. व्यापारी मंडळींना हे चटकन कळेल. बाइंडमध्ये चॅनेल म्हणजे वही, कोणत्या फाइलमध्ये लिहायचे ते ठरवणारी. कॅटेगरी म्हणजे खाते: विचारलेली नावे, सुरक्षितता, दुसऱ्या सर्व्हरकडून आलेली माहिती वगैरे. वही आणली, पण कोणते खाते तीत उतरवायचे हे सांगितले नाही, तर ती कोरीच राहणार. आमच्या फाइलमध्ये चॅनेल होते, त्याला जोडणारी कॅटेगरीची ओळ नव्हती. ती घातली तेव्हा नोंदी पडू लागल्या, पण वेळेशिवाय! वेळ छापण्याची सूचना वेगळी द्यावी लागते.

आणखी एक खोडी पुढे बाधली असती, ती तिनेच हेरली. फाइल किती वाढू द्यायची याची मर्यादा घातलेली होती, पण जुन्या प्रती किती ठेवायच्या हे सांगितलेले नव्हते. अशा वेळी फाइल भरली की बाइंड निमूटपणे लिहिणे थांबवते. दोन-तीन महिन्यांनी कोणी पाहिले असते तर वही अर्धवट, आणि दोष कुणाचा ते कळायला मार्ग नाही. आता तीन जुन्या प्रती राहतात.

सेटिंग बदलल्यावर नेम्ड-चेककॉन्फ चालवावे. सुटलेला अर्धविराम वा कंस ते दाखवते. मात्र ते रूट म्हणून चालवले तर फाइलची परवानगी ठीकच दिसते, कारण रूटला कोण अडवणार? म्हणून त्यानंतर सर्व्हर बंद-चालू न करता आरएनडीसीने रीकॉन्फिगचा हुकूम द्यावा. नवी सेटिंग पटली नाही तर जुनी तशीच चालू राहते आणि बाकावर कोणी बसून राहत नाही.

कुराण शरीफमधली सर्वांत लांब आयत सूरह अल-बकरामध्ये आहे आणि ती देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे आपण जाणता. लेखी नोंदीचे महत्त्व आपल्या समाजाला मी सांगायला नको. पण कशाची नोंद ठेवू नये, हाही प्रश्न आहे, आणि तो या वर्षी माझ्यासमोर आला. रोजकीर्द सुरू झाल्याचे कळताच तीन पालक मला भेटले. म्हणाले, "सर, आमचा मुलगा काय पाहतो ते आम्हाला काढून द्या." त्यांची काळजी मी समजू शकतो, मलाही मुलगी आहे.

त्यांना मी नाही म्हटले. विचारलेल्या नावांच्या नोंदीत वेळ, संगणकाचा आकडा आणि नाव एवढेच असते. कोणते पान वाचले ते नसते. एक पान उघडले की जाहिरातींसाठी ब्राउझर स्वतःच दहा नावे विचारतो. ती मुलाने विचारलेली नसतात. उलट, संगणकाला आठवणारे नाव सर्व्हरकडे येतच नाही, आणि काही ब्राउझर नावे परस्पर बाहेर विचारतात. अशा कागदावरून मुलाला जाब विचारणे म्हणजे दुसऱ्याच्या उधारीसाठी त्याला उभे करणे. शिवाय सूरह अल-हुजुरातमध्ये एकमेकांच्या टेहळणीला मनाई आहे. संसदेने 2023 साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, त्यातही मुलांसाठी वेगळे कलम आहे.

म्हणून कार्यकारिणीच्या संमतीने असे ठरवले आहे. दोषांची आणि सुरक्षिततेची नोंद कायम चालू राहील. विचारलेल्या नावांची नोंद एरवी बंद राहील. बिघाड शोधायचा असेल तेवढ्यापुरती ती आरएनडीसीच्या क्वेरीलॉग हुकमाने चालू करायची, मुलांना तसे सांगायचे, आणि काम झाले की फाइल पुसायची. यावर सगळ्यांचे एकमत आहे असे नाही. चिटणीस साहेबांचेच मत वेगळे आहे आणि ते त्यांनी मोकळेपणाने मांडले आहे.

शनिवारी दुपारी कक्ष उघडा असतो. ज्या वडीलधाऱ्यांना ही वही प्रत्यक्ष पाहायची असेल त्यांनी जरूर यावे. ती विद्यार्थिनी तिथे असतेच, ती दाखवील. खुदा हाफिज.