आईचा बटणाचा फोन आणि बंद पडलेला नंबर

मागे पावसाचा आवाज येत असेल, तो सहन करा. माईक साधा आहे आणि वर पत्रे आहेत.

आजचा विषय फोनचा. पण कोणता फोन घ्यावा, कॅमेरा किती मेगापिक्सलचा, हे सांगणारे यूट्यूबवर पुष्कळ आहेत. मी फोनमधल्या नंबरबद्दल बोलणार आहे. तुमच्यापेक्षाही तुमच्या आईच्या नंबरबद्दल.

एटापल्ली तालुक्यातला माझा एक मित्र आहे. त्याची आई दरवर्षी जानेवारीत गावातल्या बायांसोबत तेलंगणात मिरची तोडायला जाते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून किती लोक जातात, तुम्हाला माहीतच आहे. बटणाचा फोन तिनं घरीच पेटीत ठेवला. रिचार्ज दिवाळीतच संपलेला. होळीनंतर परत आली, पुढे तेंदूपत्त्याचा हंगाम लागला, मजुरीचे पैसे खात्यात येणार होते. आता मेसेज का येत नाही म्हणून पोरानं फोन चार्ज केला, तर सिम रजिस्टरच होईना. स्वतःच्या फोनवरून त्या नंबरला लावलं, तर बाई बोलते, हा नंबर अस्तित्वात नाही.

आई म्हणाली, "काऊन जी, मी तर कुठं हरवला नाही!"

खरंच हरवला नव्हता. झालं काय, ते नीट समजून घ्या. ट्रायचा नियम असा की प्रीपेड नंबर सलग ९० दिवस अजिबात वापरला नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. वापर म्हणजे एखादा कॉल आला किंवा केला, एक मेसेज पाठवला, थोडं नेट चाललं, काहीही. खात्यात २० रुपये किंवा जास्त शिल्लक असेल तर तेवढे कापून नंबर चालू ठेवायची सोय नियमातच आहे. ९० दिवस उलटल्यावरही १५ दिवसांची सवलत असते, त्यात २० रुपये भरून नंबर परत मिळतो. ती मुदतही गेली की हातात फार काही उरत नाही. आणि बंद झालेला नंबर आणखी किमान ९० दिवसांनी दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो.

इथं जरा थांबा. तो नंबर बँकेत लिहिलेला, आधारला जोडलेला. उद्या तो नांदेडच्या एखाद्या पोराला मिळाला, तर आईच्या खात्याचे मेसेज त्याला जाणार. पोरगा चांगलाही असेल. पण ओटीपी त्याच्याकडे जातो, आईकडे नाही. लाडकी बहीणच्या ई-केवायसीला ओटीपी मागितला, तेव्हा गावोगावी लोकांना पहिल्यांदा कळलं की आधारला आपला कोणता नंबर आहे. आणि तो कुणाच्या पेटीत आहे.

मित्रानं शेवटी आईला पासबुक आणि आधार घेऊन बँकेत नेलं, नंबर बदलला, मग आधार केंद्रात बदलला. मजुरीचे दोन दिवस बुडाले.

बरं, मग रिचार्ज का नाही मारला? कारण तिला नेट लागत नाही, आणि दुकानात मिळतो तो रोजच्या दीड जीबीचा पॅक. टपरीवाला "किती दिवसांचा?" असं विचारतो, "कोणता?" असं विचारत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं कंपन्यांना सांगितलं की फक्त कॉल आणि एसएमएस असलेला पॅकही ठेवावाच लागेल, आणि त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत देता येईल. जानेवारी २०२५ पासून असे पॅक आले. किमती बदलत राहतात म्हणून आकडा सांगत नाही. कंपनीच्या ॲपमध्ये बरंच खाली सरकल्यावर दिसतात, वर ठेवत नाहीत. का ठेवत नाहीत ते तुम्हीच समजा. बटणाचा फोन वापरणाऱ्या माणसासाठी तोच पॅक घ्या.

आता दुसरी गोष्ट. सिम कुणाच्या नावावर आहे?

माझा पहिला नंबर मामाच्या नावावर होता. मी चंद्रपूरला शिकत होतो, सिम खराब झालं. गॅलरीत म्हणाले, ज्याच्या नावावर आहे त्याला आणा. मामा सिंदेवाहीला, धानकापणी सुरू. चार दिवस परीक्षेचा फॉर्म ओटीपीसाठी अडून राहिला. तेव्हा गॅलरीवाल्यावर चिडलो होतो, पण त्याचं बरोबर होतं. दुसरं कुणी जाऊन माझ्या नंबरचं सिम काढून आणलं असतं, तर ते चाललं असतं का मला?

संचार साथी नावाची सरकारी वेबसाइट आहे, मे २०२३ पासून. आता ॲपही आहे. त्यात नंबर टाकून ओटीपी दिला की तुमच्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. आपल्याकडे एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ. त्यापेक्षा जास्त निघाले तर दूरसंचार कायदा २०२३ मध्ये पहिल्या वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. अनोळखी नंबर दिसला तर 'हा माझा नंबर नाही' असं तिथंच कळवता येतं. असे नंबर येतात कुठून? बाजारात छत्री लावून सिम विकणारा म्हणतो, "अंगठा नीट नाही लागला, पुन्हा लावा." दुसऱ्या अंगठ्यावर दुसरं सिम निघू शकतं. म्हणून आई-आजीसोबत कुणीतरी उभं राहा, आणि पुन्हा अंगठा लावायला सांगितलं तर स्क्रीन बघायला मागा.

टावरबद्दल फार बोलत नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. गावात कोणतं सिम चालतं हे गावातल्याच माणसाला विचारा. कंपनीच्या वेबसाइटवर कव्हरेजचा नकाशाही असतो, पण नकाशाला डोंगर आणि पानगळ कळत नाही. एक नवीन सोय मात्र लक्षात ठेवा. जानेवारी २०२५ पासून, सरकारी निधीतून उभारलेल्या टावरवर जिओ, एअरटेल आणि बीएसएनएल, तिन्हीचे ग्राहक ४जी वापरू शकतील अशी योजना सुरू झाली. भामरागड, धानोरा, कोरचीकडे असा टावर जवळ असेल तर फायदा आहे. फोनमधली नेटवर्कची निवड 'ऑटोमॅटिक'वर ठेवा. कधी हातानं एकच कंपनी निवडून ठेवली असेल तर फोन दुसरीकडे शोधतच नाही.

फोन हरवला तर? बाजारात, एसटीत, मोहफुलं वेचताना, कुठंही पडतो. आधी दुसऱ्याच्या फोनवरून कस्टमर केअरला लावून सिम बंद करा, मग बँकेला कळवा. फोनच्या मागं धावायचं नंतर. पोलिसांत तक्रार द्या, त्याच नंबरचं नवीन सिम घ्या, आणि संचार साथीवर हँडसेट ब्लॉक करायची विनंती टाका. त्याला आयएमईआय नंबर लागतो. तो बिलावर आणि डब्यावर असतो. डबा फेकला असेल तर आज, फोन हातात असताना, स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा आणि आलेला नंबर वहीत लिहा. फोनमध्येच लिहून ठेवू नका, हसू नका, मी तेच केलं होतं.

जुना फोन विकत घेतानाही हेच. केवायएम लिहून, एक जागा सोडून तो पंधरा आकडी नंबर १४४२२ वर एसएमएस करा. फोन ब्लॅकलिस्टमध्ये असेल तर उत्तरात कळतं. विकणारा "कशाला एवढं?" म्हणाला, तर पैसे खिशातच राहू द्या. पैसे गेलेच असतील, म्हणजे ओटीपी देऊन फसवणूक झाली असेल, तर १९३० ला लगेच फोन करा. संध्याकाळपर्यंत थांबू नका.

आणि नवा फोन महिन्याभरात बिघडला, दुकानदार म्हणतो कंपनीकडे जा, कंपनी म्हणते दुकानात जा, तेव्हा? १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलतात. त्यानं नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. फोन ऑनलाइन घेतला, कंपनी बंगळुरूची, तरी २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे गडचिरोलीला किंवा चंद्रपूरला, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. मुदत दोन वर्षांची. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरच्या वर आहे आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद, म्हणून ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन तक्रारीची सोय आहे हे सांगतोय. बिल मात्र पाहिजे. कच्च्या चिठ्ठीवर फोन घेऊ नका, दोनशे रुपये कमी होत असले तरी.

मित्राच्या आईचं आता असं आहे. नवीन सिम तिच्याच नावावर, वर्षाचा कॉलवाला पॅक, आणि मागच्या जानेवारीत फोन तिच्यासोबत तेलंगणात गेला. मित्रानं दर महिन्याच्या दहा तारखेला फोन करायचा अलार्म लावलाय. ती उचलते आणि म्हणते, "आज दहा तारीख आहे म्हणून लावला ना?"

चला, पुन्हा भेटू.