मुलाच्या हातातला पहिला मेटल डिटेक्टर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मॉलच्या दारात आपल्या अंगावरून फिरवतात तो मेटल डिटेक्टर सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आज मी बोलणार आहे तो जमिनीवरून फिरवायच्या यंत्राबद्दल. इंग्लंडमध्ये हे यंत्र घेऊन शेतांतून, समुद्रकिनाऱ्यांवरून हिंडणं हा हजारो लोकांचा छंद आहे. केंट परगण्यात राहणाऱ्या माझ्या आठ वर्षांच्या नातवाने वाढदिवसाला हेच मागितलं. मी जन्मभर विज्ञान शिकवलं, म्हणून निवडीचं काम माझ्याकडे आलं. परदेशात नातवंडं असलेले आजी-आजोबा आता गावोगावी आहेत. त्यांना उपयोग होईल म्हणून हे सांगतो.

यंत्राचं तत्त्व आपल्या शाळेच्या पुस्तकातलंच आहे. दांड्याच्या टोकाला तबकडी असते आणि तिच्यात तांब्याच्या तारेची वेटोळी. एका वेटोळ्यातून सतत बदलणारा विद्युतप्रवाह सोडला, की भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्यामुळे जमिनीतल्या धातूत बारीक प्रवाह उठतात, ते दुसऱ्या वेटोळ्याला जाणवतात आणि यंत्र वाजतं. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलने १८८१ साली अशाच युक्तीने अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायचा प्रयत्न केला होता. गोळी काही सापडली नाही. गादीतल्या लोखंडी स्प्रिंगांनी घोटाळा केला, असं सांगतात.

आता निवडीकडे वळू. पहिली गोष्ट वजन. मोठ्यांची यंत्रं दीड किलोपर्यंत भरतात. दीड किलो ऐकायला थोडं वाटतं, पण दांडा पुढे धरून अर्धा तास डावी-उजवीकडे फिरवून पाहा! मुलासाठी किलोभराच्या आसपासचं यंत्र बरं. दांडा त्याच्या उंचीप्रमाणे आखूड करता यावा आणि पुढे वाढवताही यावा. शक्य असेल तर दुकानात दहा मिनिटं त्यालाच फिरवू द्यावं. तबकडी जमिनीला समांतर राहत नसेल, तर ते यंत्र त्याच्यासाठी नव्हे.

दुसरी गोष्ट तबकडी. ती सहा ते आठ इंचांची पुरे. मोठी तबकडी जास्त खोल पाहते हे खरं, पण मूल खणणार वीतभरच. लहान तबकडी हलकी असते आणि जवळजवळ पडलेल्या दोन वस्तू वेगळ्या ओळखते. गवत ओलं असतं, म्हणून ती पाणी सोसणारी हवी. मात्र खेळण्याच्या दुकानातली अगदी स्वस्त यंत्रं टाळावीत. त्यांना दोन-चार बोटांखालचं नाणंही लागत नाही, आणि चार दिवसांत काहीच सापडलं नाही की मूल यंत्र कोपऱ्यात टाकतं.

तिसरी गोष्ट बटणं. ती जितकी कमी तितकं चांगलं. नको त्या धातूचा आवाज बंद करायची सोय बहुतेक यंत्रांत असते. ती जपून वापरावी. शीतपेयाच्या डब्याची अॅल्युमिनियमची कडी आणि सोन्याची अंगठी यांचा इशारा बऱ्याचदा सारखाच येतो. कडी गप्प केली की अंगठीही गप्प! त्यापेक्षा मुलाचा कान तयार करावा. लाकडी टेबलावर खिळा, नाणं, चांदीचं वळं मांडावं आणि डोळे मिटून त्याला आवाज ओळखायला सांगावं. घरबसल्या उत्तम खेळ होतो.

नातवाला पहिल्या महिन्यात मिळाले ते गंजके खिळे, बाटल्यांची बुचं आणि पंचम जॉर्जचा एक पेनी. आपल्याकडच्या जुन्या ट्रंकांतून याच राजाचे रुपये निघतात, हे मी फोनवर सांगितलं तेव्हा तो थक्क झाला.

पण यंत्रापेक्षा महत्त्वाचे आहेत नियम. इंग्लंडमध्ये जमीनमालकाच्या परवानगीशिवाय शोध घेता येत नाही आणि संरक्षित प्राचीन स्थळांवर तर परवान्याशिवाय यंत्र न्यायचंच नाही. १९९६च्या कायद्यानुसार खजिन्यात मोडणारी वस्तू १४ दिवसांत सरकारला कळवावी लागते. इतर जुन्या वस्तूंची नोंद ब्रिटिश म्युझियम चालवत असलेल्या योजनेत करता येते. अशा दहा लाखांहून अधिक वस्तू तिथे नोंदल्या आहेत. केंटवर दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले होते. त्यामुळे लांबट, जड, गंजलेलं काही दिसलं, तर हात न लावता मागे फिरायचं आणि मोठ्यांना सांगायचं, हे मुलाला बजावून ठेवावं.

सुट्टीत यंत्र भारतात आणायचा बेत असेल, तर आपल्याकडचा १८७८चा निखात निधी कायदा लक्षात ठेवावा. जमिनीत सापडलेला ऐवज दहा रुपयांहून जास्त किमतीचा असला, तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. गडकिल्ल्यांवर तर हा खेळ नकोच.

हे नियम कशासाठी? जुनं नाणं कुठे, किती खोल, कशाशेजारी होतं, यातच त्याची हकीगत असते. मुकाट्याने उचलून खिशात घातलं की उरतो तो नुसता धातूचा तुकडा. म्हणून यंत्राबरोबर एक वही, पेन्सिल आणि खुरपं जरूर द्या. सापडलं ते लिहायचं, खणलेला खड्डा बुजवायचा आणि वरचं गवत पुन्हा नीट बसवायचं. एवढी सवय लागली, की सोनं सापडो वा बूच, पैसे वसूल झाले म्हणून समजा.