किर्लोस्करवाडीचे आजोबा

काही आजोबा ओसरीवर बसून नातवंडांना गोष्टी सांगतात. काही फारसे बोलत नाहीत. परंतु गाडीचे मोडके चाक त्यांच्या हाताखालून गेले की पुन्हा फिरू लागते. कृष्णाकाठच्या मुलखाला या दुसऱ्या जातीचे एक आजोबा लाभले. कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर हे त्यांचे नाव.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील वेदान्ताचे अभ्यासक, पण मुलाचे मन चित्रांत आणि यंत्रांत. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत गेले, तेथे आपल्या दृष्टीला काही रंगांतील भेद नीट उमगत नाही असे आढळून आले. ज्याने कुंचला धरावयाचा त्यालाच रंग दिसू नयेत! रंग गेले, रेषा उरली. त्या रेषेच्या बळावर ते यंत्रांची रेखाचित्रे काढू लागले व व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक झाले. पुढे बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास नेमण्यात आले, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावास बंधू रामूअण्णा यांच्याकडे आले. बंधूंचे सायकलींचे दुकान होतेच.

येथून त्यांची नजर शेताकडे वळली. ज्वारीचा अख्खा कडबा टाकला की जनावरे पाला खातात आणि बुडखे पायांखाली तुडवितात. तोच बारीक कापून घातला तर वाया जात नाही. म्हणून प्रथम कडबा कापण्याचे यंत्र झाले, आणि मग लोखंडी नांगर.

या नांगराची कथा थोडी थांबून ऐकण्यासारखी आहे. लाकडी नांगर जमीन उकरतो. लोखंडी नांगर खोल जाऊन माती उलथून टाकतो आणि हरळीच्या मुळ्या वर आणतो. तरी तो दोन वर्षे कोणी विकत घेईना. लोखंडाच्या स्पर्शाने जमिनीला विष चढते, असा लोकांचा समज होता. या समजुतीला हसणे सोपे आहे. पण शेतकऱ्याची बाजूही पाहावयास हवी. त्याच्यापाशी एकच रान आणि एकच हंगाम. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर नीट करून देई; ओतीव लोखंडाचा फाळ तुटला तर गावच्या लोहाराने काय करावे? त्याचे भय अडाणीपणाचे नव्हते, हिशेबाचे होते. ते भय वादाने निघण्याजोगे नव्हते. उलथलेली माती पाहूनच ते निघणार होते.

नांगराचा जम बसतो न बसतो तोच बेळगावची जागा नगरपालिकेमुळे सोडावी लागली. त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आधार दिला. औंध हे गाव सातारा जिल्ह्यात. परंतु त्या संस्थानचा मुलूख विखुरलेला होता, आणि कुंडल रोड स्थानकाजवळील बत्तीस एकरांचा माळ त्यातलाच. निवडुंग माजलेला, सापांचा सुळसुळाट. १९१० मध्ये मोजके कामगार व त्यांचे कुटुंबीय घेऊन लक्ष्मणराव त्या माळावर राहावयास गेले. निवडुंग तोडला, कारखाना उभा केला, घरे बांधली. या वसाहतीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा दंडक घातला. रात्रीच्या पहाऱ्यावर तुरुंगातून सुटून आलेली माणसे नेमली! एवढा विश्वास टाकावयास छाती लागते. पहिल्या महायुद्धात परदेशी कच्चे लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळविण्यास दिल्या. ज्या लोखंडाने तटावरून आग ओकली, ते रानात चालू लागले.

पुढे नांगरांच्या जोडीला उसाचे चरक आले, पंप आले, आणि मुलांनी पुणे, हरिहर, बंगळूर येथे मोठमोठे कारखाने काढले. काही काळ लक्ष्मणरावांनी औंधचे दिवाणपदही सांभाळले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी ते निवर्तले. तो मुलूख १९४९ साली दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला, १९६० साली त्याच जिल्ह्याचे नाव सांगली झाले. आणि पुणे–मिरज लोहमार्गावर कुंडल रोडची जुनी पाटी जाऊन तेथे किर्लोस्करवाडी असे लिहिले गेले.