रुग्णाची त्वचा : शुश्रूषेची खरी कसोटी



अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला औषध वेळेवर मिळते. त्याच्या पाठीकडे मात्र सहसा कुणाचे लक्ष जात नाही. मलमूत्राच्या ओलाव्याने त्वचा मऊ पडते, चादरीवरून ओढताना सोलवटते आणि चिकटपट्टी हिसकल्यास तिचा वरचा थरच निघून येतो. अशा जखमेत जंतूंचा शिरकाव झाल्यास वृद्धाच्या जिवावर बेतू शकते.

उपाय खर्चाचे नाहीत. ओली त्वचा स्वच्छ करून हलकेच टिपावी व झिंक ऑक्साईडचे मलम लावावे. रुग्णाला ओढू नये. दोघांनी चादरीसह उचलावे. साधारणतः दर २ तासांनी कूस बदलावी. चिकटपट्टी केसांच्या दिशेने, त्वचा दाबून धरून, सावकाश काढावी. बोटाने दाबूनही न मावळणारी लाली दिसताच आरोग्य केंद्रास कळवावे. एवढे ज्ञान ग्रामसभेतून घरोघरी पोहोचले, तर कित्येकांच्या यातना टळतील.