सायकल, नोकरी आणि हौस

(माध्यमिक विद्यालयाच्या क्रीडा पारितोषिक वितरण समारंभात एका प्रसिद्धी अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



खेळाविषयी बोलण्याचा माझा अधिकार फारसा मोठा नाही. मी कलाशाखेचा पदवीधर. नोकरी प्रसिद्धीची, म्हणजे इतरांनी केलेली कामे लोकांपर्यंत पोचविण्याची. आजच्यासाठी मी एक भाषण लिहूनही आणले होते. परंतु मघाशी पारितोषिके देऊन झाल्यावर जे घडले, त्यामुळे ते कागद मी खिशातच ठेवणार आहे. सायकल शर्यतीत पहिली आलेल्या विद्यार्थिनीच्या आईने मला बाजूला घेऊन विचारले, "साहेब, पुढच्या वर्षी हिची दहावी. आता सायकल बंदच करायला हवी, नाही का?"

त्या माउलीला मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. तिचा प्रश्न खोटा नव्हता. दहावीचे वर्ष एकदाच येते आणि साधारण परिस्थितीतल्या घराला त्याची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. तेव्हा तिला द्यावयाचे उत्तर मी आपणा सर्वांसमक्षच शोधावे म्हणतो.

प्रथम माझी स्वतःची हकीकत थोडक्यात सांगतो. शाळेत असताना मीही सायकल वेगाने हाकीत असे. गावच्या शर्यतीत एकदा दुसरा आलो होतो. पुढे बारावीच्या वर्षी घरच्यांनी व एका शिक्षकांनी एकमताने ठरविले की, आता हे पुरे. सायकल पडवीत उभी राहिली, तिची साखळी गंजली आणि चाकांतली हवा गेली. आता गंमत अशी की, वाचलेला तो वेळ मी अभ्यासात घातला असे म्हणण्याची सोय नाही! तो वेळ कोठे गेला ते मला आजही सांगता येत नाही. चाळिशी उलटल्यावर वैद्यांनी डोळे वटारले, तेव्हा मी पुन्हा सायकल काढली. आता कचेरीच्या आधी पहाटे पंधरा-वीस किलोमीटर जातो. मी कोणाला हरवीत नाही. वाटेत आमचा पोदेर पावाची टोपली मागे बांधून भोंगा वाजवीत येतो आणि चढावर पुष्कळदा मला मागे टाकतो. त्याच्याइतके नेमाने पायडल मारणारा दुसरा कोणी आमच्या गावात नाही. पण त्याला आपण कधी सायकलपटू म्हणत नाही.

पोदेराचे ते कामच आहे आणि माझी ती हौस आहे. 'हौस' या शब्दापाशी मला थोडे थांबावयाचे आहे. 'हौशी' म्हटले की आपल्या मनात काहीसे अर्धेकच्चे, फावल्या वेळचे, फारसे मनावर न घेतलेले असे चित्र उभे राहते. हौशी नाटक, हौशी गायक. म्हणजे चुकले तरी चालेल. इंग्रजीत 'अमॅच्युअर' असा जो शब्द आहे, त्याचे मूळ मात्र 'प्रेम करणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. पोट भरण्यासाठी नव्हे, तर प्रेमापोटी जो करतो तो हौशी. प्रेमापोटी केलेले काम कच्चे असलेच पाहिजे, असे कोठे सांगितले आहे?

या संदर्भात एका परदेशी स्त्रीची हकीकत आपणास सांगावीशी वाटते. तिचे नाव आना कीझेनहोफर. ऑस्ट्रिया देशात १९९१ साली ती जन्मली. व्यवसायाने ती गणितज्ञ. व्हिएन्ना येथे शिकून ती इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेली आणि पुढे स्पेनमधील बार्सिलोना येथे तिने गणितातील डॉक्टरेट मिळविली. त्यानंतर स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रविद्यापीठात ती संशोधन करीत असे व विद्यार्थ्यांना शिकवीत असे. तिला पूर्वी धावण्याचा नाद होता. दुखापतीमुळे धावणे सुटले आणि २०१४ च्या सुमारास ती सायकल शर्यतींकडे वळली, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी, संशोधनाचे काम ऐन भरात असताना.

२०१६ साली तिने आपला प्रबंध पुरा केला. त्याच वर्षी फ्रान्समधील एका अनेक दिवसांच्या शर्यतीत मों व्हांतू या नामांकित पर्वतावर संपणारा टप्पा तिने जिंकला. हा पर्वत एक हजार नऊशे मीटरहून उंच असून भल्याभल्या सायकलपटूंचा तेथे कस लागतो. प्रबंध आणि पर्वत ही दोन्ही कामे तिने एकाच वर्षात केली. हे पाहून एका व्यावसायिक संघाने तिला २०१७ साठी करारबद्ध केले. आता तिचे सारे मनासारखे झाले, असे कोणासही वाटेल. परंतु तसे घडले नाही. संघातील जीवन तिला मानवले नाही आणि त्या हंगामानंतर तिने ती वाट सोडली. आपल्याकडे अशा वेळी शेजारीपाजारी काय म्हणाले असते ते मी सांगावयास नको. ती मात्र आपल्या गणिताकडे परतली आणि काही काळाने, कोणाचाही करार न घेता, पुन्हा सायकलवर बसली. २०१९ मध्ये ती आपल्या देशाची राष्ट्रीय विजेती झाली.

आता २०२१ सालच्या टोकियो ऑलिंपिककडे येऊ. स्त्रियांची रस्त्यावरील सायकल शर्यत १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, आणि १९९६ पासून या शर्यतींत व्यावसायिक खेळाडूंनाही प्रवेश मिळाला. त्यामुळे २५ जुलै २०२१ रोजी टोकियोत जमलेल्या बहुतेक स्पर्धकांचा सायकल हाच चरितार्थ होता. नेदरलँड्सच्या चौघी होत्या. त्यांतील मारियान फॉस ही २०१२ ची, तर आना फान डर ब्रेगन ही २०१६ ची ऑलिंपिक विजेती. ऑस्ट्रियाची स्पर्धक एकच, आणि तिच्यामागे ना संघ, ना मार्गदर्शक. सरावाचे वेळापत्रक, आहार, सायकलची जुळवाजुळव, सारे तिने स्वतःच आखले होते. जपानमधील उष्म्याला शरीर सरावावे म्हणून आपण कशी तयारी केली, त्याचा आलेखही तिने शर्यतीपूर्वी समाजमाध्यमावर मांडला होता. ज्यांना पाहावयाचे होते त्यांच्यासाठी ती तयारी उघड होती; पण फारसे कोणी पाहिले नाही.

सायकल शर्यतीत घोळक्यात राहण्याचा मोठा लाभ असतो. पुढचा वारा कापतो, मागच्याचे श्रम पुष्कळ वाचतात. म्हणून शहाणे स्पर्धक अखेरपर्यंत घोळक्यात दडून राहतात. कीझेनहोफरला घोळक्यात सायकल हाकणे कधीच फारसे जमले नव्हते. आपली ही उणीव तिने ओळखली आणि तीच डावाच्या मुळाशी ठेवली. १३७ किलोमीटरच्या शर्यतीस खरा प्रारंभ होताच ती पुढे निसटली. आणखी चौघी तिच्यासोबत गेल्या. मागच्या घोळक्याने मनावर घेतले नाही आणि अंतर दहा मिनिटांहून अधिक वाढले. शेवटचे सुमारे ४१ किलोमीटर उरले असताना ती सोबतिणींनाही मागे टाकून एकटी पुढे गेली.

ऑलिंपिकमध्ये स्पर्धकांच्या कानात बिनतारी संदेशयंत्र नसते. मागच्यांनी वाटेतल्या दोघींना गाठले तेव्हा त्यांचा समज झाला की, आता पुढे कोणी उरले नाही. नेदरलँड्सची आनमीक फान फ्ल्यूटन अंतिम रेषेवर पोचली आणि आपणच जिंकलो अशा समजुतीने तिने हात उंचावले. पण कीझेनहोफर सव्वा मिनिट आधीच पोचली होती. सायकल खेळातील सुवर्णपदक ऑस्ट्रियाला याआधी मिळाले होते ते १८९६ साली, अथेन्सच्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये, आडोल्फ श्माल याने बारा तासांची शर्यत जिंकली तेव्हा.

मित्रहो, ही कथा सांगून 'तुम्हीही सुवर्णपदक आणा' असा उपदेश मला करावयाचा नाही. तसे म्हणणे हे अप्रामाणिकपणाचे होईल. ती जिंकली म्हणून तिचे नाव आपल्यापर्यंत आले. तिच्यासारखे काम सांभाळून शर्यती करणारे हजारो लोक जगभर आहेत आणि त्यांतील बहुतेकांना कधीच पदक मिळत नाही. ते पहाटे उठतात, कामावर जातात, रविवारी शर्यतीत चाळिसावे येतात आणि सोमवारी पुन्हा कामावर हजर होतात. त्यांची कमाई कोणती? सुदृढ शरीर, नियमाची सवय, पराभव पचविण्याची ताकद आणि जे करतो ते आपल्या खुषीने करतो आहोत, हा आनंद. ही कमाई पदकावर अवलंबून नसते.

आपल्या मराठी मुलखातीलही उदाहरण आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन हे दोघे बंधू वैद्यकीय व्यवसाय करणारे. २०१५ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत त्यांनी दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. रुग्ण तपासणारे हे हात सायकलही तितक्याच निष्ठेने हाकू शकले.

मात्र दोन्ही संसार एकाच वेळी चालवावयाचे तर त्याची किंमत पडते, हेही सांगितले पाहिजे. दिवसाचे तास चोवीसच. सायकलीला दिलेला तास कोठून तरी काढावा लागतो. शहाणा माणूस तो गप्पांतून, मोबाइलच्या पडद्यावरून, निरुद्देश भटकंतीतून काढतो. अविचारी माणूस तो झोपेतून काढतो आणि फसतो. कारण शरीर व्यायामाने थकते आणि विश्रांतीत बळकट होते. झोप तोडून केलेला सराव शर्यतीच्याही कामाचा नाही आणि अभ्यासाच्याही. दुसरे असे की, घरच्यांचा वाटा घरच्यांना न विचारता घेऊ नये. आई पहाटे डबा करते, म्हणून मुलगी सरावाला जाऊ शकते. त्या मुलीच्या पारितोषिकात आईचा तो हिस्सा आहे, याची आठवण तिने ठेवावी.

आणखी एक गोष्ट. विजयानंतर कीझेनहोफरने तरुण खेळाडूंना उद्देशून जे सांगितले त्याचा आशय असा की, 'आम्हालाच सारे कळते' असे सांगणाऱ्यांवर डोळे मिटून विसंबू नका. शिक्षकांच्या सभेत हे वाक्य उच्चारताना मला थोडा संकोच होतो. परंतु यात गुरूचा अनादर नाही. आपल्या शरीराचा, वेळेचा व कुवतीचा हिशेब विद्यार्थ्याने स्वतः मांडावयास शिकावे, एवढाच याचा अर्थ. चांगला गुरू तरी याहून वेगळे काय शिकवितो?

तर आता त्या माउलीला माझे उत्तर. ताई, सायकल बंद करू नका. तिला वेळापत्रकात जागा द्या. आठवड्यातून चार दिवस पहाटेचा एक तास, रविवारी थोडे अधिक आणि एक दिवस पूर्ण विश्रांती, एवढे पुरे. परीक्षेचा महिना आला की सराव निम्म्यावर आणा, पण अजिबात सोडू नका. कारण सुटलेली सवय पुन्हा लावणे किती कठीण, ते मला विचारा. डोक्यावर शिरस्त्राण आणि सायकलीला पुढेमागे दिवा यांवाचून तिला रस्त्यावर पाठवू नका. आणि गुण थोडे घसरले तर आधी तिची झोप पाहा, मोबाइल पाहा. सायकलीवर आळ सर्वांत शेवटी घ्या.

शिक्षक बंधुभगिनींना विनंती अशी की, दहावीच्या वर्गातील खेळाडूला 'आता पुरे' असे सांगण्यापूर्वी त्याच्यासमवेत बसून एकदा वेळापत्रक आखून पाहावे. पंचायतीच्या सभासदांनाही एक सुचवावेसे वाटते. मुले पहाटे ज्या रस्त्याने सायकल घेऊन जातात, त्यावरचे खड्डे पावसाळा संपताच बुजवावेत आणि वळणावरचा दिवा चालू ठेवावा. खेळाडू घडविण्यात शासनाचा व पंचायतीचा वाटा असतो तो असा, साध्या कामांतून.

जी विद्यार्थिनी आज पहिली आली तिला मी एवढेच सांगेन. बाळ, तू पुढे शिक्षिका हो, परिचारिका हो, कारकून हो की गणितज्ञ हो; सायकल हा तुझ्या आयुष्याचा चरितार्थ नसेलही, पण ती तुझी हौस म्हणून राहो, आणि हौस म्हणजे अर्धेकच्चे काम नव्हे, हे तू आम्हाला दाखवून दे. पुढच्या वर्षी दहावीचा निकाल लागेल तेव्हा तुझे गुण मला कळव आणि सायकल कशी आहे तेही कळव. दोन्ही बातम्या छापण्यास मला आनंद होईल. शेवटी माझी नोकरीच ती आहे!